कचेरीच्या संगणकांतील छुपा पहारा

अकोट हें कापसाचें गांव. येथील जिनिंगच्या कारखान्यांत आणि अडत्यांच्या दुकानांत पहारा कांहीं नवा नाहीं. काट्यापाशीं मापाड्यावर नजर असते, फाटकाशीं चौकीदार असतो, आणि जुन्या काळीं दुकानाचा शेठ दुपारच्या वेळीं गादीवरून उठून मुनिमाच्या खांद्यावरून कीर्दींत डोकावून जाई. मुनिमास तें फार आवडत असेल असें नाहीं. परंतु शेठ केव्हां आला, कोणतें पान पाहून गेला आणि केव्हां परत फिरला, हें त्याला दिसत असे. पाहणारा आणि पाहिला जाणारा हे दोघेहि एकाच खोलींत असत.

२०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां पुण्या-मुंबईकडे नोकरीस असलेलीं वऱ्हाडांतील कित्येक मुलेंमुली कंपनीचे लॅपटॉप घेऊन आपापल्या घरीं परतलीं. कचेरी माजघरांतील मेजावर आली. कांहींचें काम पुढेंहि तसेंच घरून चालू राहिलें. आतां घरांत एक चांगलें यंत्र आहे म्हटल्यावर तें केवळ कचेरीच्याच कामास राहतें असें थोडेंच आहे? वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल त्याच यंत्रावर उघडला जातो, आईच्या निवृत्तिवेतनाचें खातें त्यावर पाहिलें जातें, आणि धाकट्या बहिणीची पत्रिका व छायाचित्र पाहुण्यांकडे पाठविण्यास तेंच सोयीचें पडतें. त्या यंत्रांत जर कोणी गुप्तपणें पहारा बसविला असेल, तर तो एकट्या नोकरावर बसत नाहीं. सबंध घर त्याच्या टप्प्यांत येतें. म्हणून असा पहारा ओळखावा कसा, आणि मुख्य म्हणजे कोठवर ओळखतां येतो, हा प्रश्न आज पुष्कळ घरांचा झाला आहे.

प्रथम हें सॉफ्टवेअर करतें काय तें पाहूं. दर कांहीं मिनिटांनीं तें पडद्याचें चित्र उतरून घेतें. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ क्रमानें टिपतें. कोणती खिडकी किती वेळ उघडी होती, माऊस किती वेळ निश्चल पडला होता, कोणती फाईल पेनड्राइव्हवर उतरली, यांचा हिशेब ठेवतें. आणि ही सारी कीर्द इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पोंचती करतें. तेथें ती अधिकाऱ्यास तक्त्यांच्या रूपानें दिसते. हबस्टाफ, टेरामाइंड इत्यादि नांवांनीं अशीं सॉफ्टवेअरें बाजारांत राजरोस विकलीं जातात. कांहींत घड्याळासारखी खूण पडद्यावर दिसत राहते आणि काम करणाराच तें सुरू व बंद करतो. कांहींत मात्र अशी कोणतीहि खूण दिसूं नये, ही सोय विकत घेणाऱ्यास मुद्दाम दिलेली असते. बँकेच्या पानावर कुलपाचें चिन्ह असतें म्हणून पुष्कळ लोक निश्चिंत राहतात. तें कुलूप खरें आहे. पण कळफलकावरचें अक्षर कुलपापर्यंत पोंचण्यापूर्वींच टिपलें गेलें, तर कुलूप बिचारें काय करणार?

असें सॉफ्टवेअर कितीहि चतुर असलें तरी तीन गोष्टी त्याला टाळतां येत नाहींत. त्याला तबकडीवर कोठें तरी राहावें लागतें. संगणक सुरू होतांच जागें व्हावें लागतें. आणि मिळालेली बातमी बाहेर धाडावी लागते. बिऱ्हाड, पहांट आणि टपाल या तीन ठिकाणीं चोर सांपडावयाचा तर सांपडतो.

परंतु संगणक उघडण्यापूर्वीं एक कागद उघडावा. नेमणुकीचें पत्र आणि यंत्र ताब्यांत घेतांना सही केलेला करारनामा कपाटांत कोठें तरी असतो. यंत्र कंपनीचें आहे व त्यावरील वापराची पाहणी करण्याचा तिला अधिकार आहे, अशा अर्थाचें एखादें कलम त्यांत बहुधा सांपडतें. सही करतांना तें वाचणारा माणूस विरळा. कलम सांपडलें तर अर्धा शोध तेथेंच संपला. पहारा आहे असें धरूनच चालावें.

त्यानंतर यंत्राकडे वळावें. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें 'अकाउंट्स' या सदरांत 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल' असें एक पान आहे. तेथें कंपनीचें नांव जोडलेलें दिसलें, तर त्या यंत्राच्या किल्ल्या दूरच्या अधिकाऱ्याकडे आहेत असें समजावें. त्याच्या मनांत येईल तेव्हां तो त्यावर नवें सॉफ्टवेअर चढवूं शकतो. क्रोम ब्राउझरच्या यादीच्या तळाशींहि 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असें बारीक अक्षर अशा वेळीं दिसतें. याचा अर्थ पहारा चालूच आहे असा नव्हे. किल्ली असणें आणि घरांत शिरणें या दोन गोष्टी वेगळ्या. पण किल्ली कोणाकडे आहे हें ठाऊक असावें.

दुसरी एक खूण टपालाची आहे. युद्धकाळांत सरकारी तपासनीस पाकीट फोडीत, पत्र वाचीत आणि आपली चिठ्ठी लावून तें पुन्हां बंद करीत. कांहीं कंपन्या आपल्या संगणकांतून जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुराचें असेंच करतात. त्यासाठीं त्या आपलें स्वतःचें प्रमाणपत्र यंत्रांत आधींच बसवून ठेवतात, त्यामुळें ब्राउझर तक्रार करीत नाहीं आणि कुलूपहि जागच्या जागीं दिसतें. अशा वेळीं पत्त्याच्या पट्टींतील चिन्ह दाबून त्या पानाचें प्रमाणपत्र कोणीं दिलें आहे तें वाचावें. तेंच पान घरच्या फोनवर, घरच्या जोडणीवरून उघडून पाहावें. फोनवर एखाद्या प्रसिद्ध प्रमाणकर्त्या संस्थेचें नांव आणि लॅपटॉपवर त्याच जागीं कंपनीचें नांव दिसलें, तर पाकीट वाटेंत उघडलें जात आहे हें नक्की. ही परीक्षा सोपी आहे. तिला विशेष ज्ञान लागत नाहीं.

चालू असलेल्या कामांची यादी पाहण्यासाठीं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील नांवें पाहून नवखा माणूस घाबरतो. 'एस-व्ही-सी-होस्ट' हें नांव दहावीस ठिकाणीं दिसतें आणि हाच तो हेर असें वाटूं लागतें. वस्तुतः तें विंडोजचेंच नेहमींचें काम आहे. नांवावर भरंवसा ठेवूं नये. ज्या नांवाचा संशय येईल त्यावर उजवी कळ दाबून तें तबकडीवर कोठें राहतें आणि त्यावर कोणाची सही आहे हें पाहावें. संगणक सुरू होतांच कोण कोण जागें होतें हें याच खिडकींत 'स्टार्टअप' या सदराखालीं अंशतः दिसतें. पुरी यादी हवी असल्यास 'ऑटोरन्स' हें साधन मायक्रोसॉफ्टनेंच विनामूल्य ठेवलें आहे. मात्र तें स्वतःच्या संगणकावर वापरावें, कंपनीच्या यंत्रावर बाहेरचें साधन चढविणें हाच कित्येक ठिकाणीं नियमभंग ठरतो. बाहेर जाणाऱ्या टपालासाठीं 'रिसोर्स मॉनिटर' आहे. सर्व खिडक्या मिटून यंत्र स्वस्थ ठेवलें असतांनाहि जो कोणी सारखें कांहीं तरी बाहेर धाडीत असेल, त्याची चौकशी करावी. मॅक संगणकावर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या पानावर पडदा टिपण्याची, कळा ऐकण्याची व मायक्रोफोन वापरण्याची परवानगी कोणाकोणास आहे, याच्या वेगवेगळ्या याद्याच दिलेल्या आहेत. त्या एकदां डोळ्यांखालून घालाव्या.

यंत्र तापलें, पंखा घोंघावूं लागला, काम मंदावलें, एवढ्यावरून मात्र हेर शिरला असें कोणीं समजूं नये. बहुतेक वेळां तो विंडोजच्या दुरुस्तीचा किंवा अँटिव्हायरसचाच प्रताप असतो.

कॅमेऱ्याजवळचा बारीक दिवा मात्र दुर्लक्षूं नये. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत लोअर मेरियन येथील शाळाखात्यानें आपल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. चोरीस गेलेलें यंत्र शोधण्याच्या निमित्तानें त्यांत असें सॉफ्टवेअर होतें कीं, दुरून हुकूम देतांच कॅमेरा व पडदा या दोहोंचीं चित्रें खात्याकडे जात. मुलांनीं घरीं असतांना हिरवा दिवा लुकलुकतांना पाहिला होता. ती यंत्रांतील लहानशी बिघाडी आहे असें त्यांना सांगण्यांत आलें. २०१० सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें, हजारों चित्रें घेतलीं गेल्याचें बाहेर आलें, आणि त्याच वर्षीं खात्यानें ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. तेथें कोणी तज्ज्ञ नव्हता. मुलांचे डोळे होते. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा वडील माणूस तेवढा उशिरा मिळाला.

येथवरचे सारे उपाय यंत्रांत बसून यंत्राची चौकशी करण्याचे आहेत, आणि हाच त्यांचा मोठा दोष आहे. जो पहारा खरोखरीच कसबानें लपविला आहे, तो यादी करणाऱ्यालाच वश करून घेतो व यादींतून आपलें नांव गाळतो. शिवाय कंपनीच्या यंत्रावर नोकरास पूर्ण अधिकार नसतात. त्याला यादी दिसते तीहि अर्धीच. कांहीं सांपडलें तर तें आहे असें म्हणतां येतें. सांपडलें नाहीं म्हणून तें नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

संगणकापूर्वींच्या यंत्रांतहि हा अनुभव येऊन गेला आहे. मॉस्को येथील अमेरिकन वकिलातींतील यंत्रें १९८४ सालीं बदलून तीं मायदेशीं नेण्यांत आलीं व एकेका यंत्राची क्ष-किरणांनीं तपासणी झाली. तेव्हां आय.बी.एम. कंपनीच्या टंकलेखनयंत्रांतील एका धातूच्या पट्टींत बसविलेलें गुप्त उपकरण सांपडलें. कोणतें अक्षर उमटत आहे हें तें आंतील भागांच्या हालचालीवरून ओळखी आणि बिनतारी लहरींवाटे बाहेर कळवी. अशीं एकंदर १६ यंत्रें निघालीं. त्यांतील कांहीं १९७६ पासून कामावर होतीं. तपासणीचें पथक आलें कीं हें उपकरण दुरूनच बंद करतां येत असे. आठ वर्षेंपर्यंत टंकलेखक समोर बसून लिहीत होते आणि यंत्र जागच्या जागीं ठेवून केलेल्या कोणत्याहि तपासणींत तें सांपडलें नाहीं. यंत्र तेथून उचलून, उलगडून, दुसऱ्याच्या प्रकाशांत धरावें लागलें.

हीच गोष्ट नागपूरच्या एका वकिलाच्या संगणकाविषयीं पुढें आली, आणि तेथें प्रश्न कामचुकारपणाचा नव्हता, माणसाच्या स्वातंत्र्याचा होता. भीमा-कोरेगांव येथें १ जानेवारी २०१८ रोजीं झालेल्या हिंसाचारानंतर पुणें पोलिसांनीं जो तपास हातीं घेतला, त्यांत १७ एप्रिल २०१८ रोजीं नागपुरास वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या व दिल्लीस रोना विल्सन यांच्या घरांच्या झडत्या होऊन संगणक जप्त झाले. ६ जूनला दोघांस अटक झाली. त्या संगणकांत मिळालेले दस्तऐवज हा आरोपाचा एक मोठा आधार होता. न्यायालयाच्या आदेशानें बचावपक्षास तबकड्यांच्या तंतोतंत प्रती मिळाल्या, आणि त्या अमेरिकेंतील आर्सेनल कन्सल्टिंग या परीक्षक कंपनीनें तपासल्या.

तिचा पहिला अहवाल २०२१ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. त्याचें म्हणणें असें कीं, १३ जून २०१६ रोजीं ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधील फाईल विल्सन यांनीं उघडली, वर एक साधा कागद दिसला, आणि त्याच्या आडून 'नेटवायर' नांवाचें सॉफ्टवेअर आंत शिरलें. पुढें सुमारे २२ महिने तें कळा टिपीत होतें, संकेतशब्द नेत होतें, आणि नुसतें नेतच नव्हतें तर आणूनहि ठेवीत होतें. आरोपाचे आधार झालेले कागद त्याच वाटेनें एका लपविलेल्या फोल्डरमध्यें आले होते. त्याच वर्षीं जुलैंत आणखी एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत गडलिंग यांच्या संगणकावर त्याच हल्लेखोरानें २० महिन्यांहून अधिक काळ ताबा ठेवला व १४ महत्त्वाचे दस्तऐवज तेथें पोंचविले, असा निष्कर्ष आहे.

हें ओळखलें कसें, हा भाग मोठा बोधप्रद आहे. विल्सन यांच्या संगणकावर वर्ड या लेखन-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ति होती. त्यांतील कांहीं कागद मात्र त्याहून नव्या आवृत्तींत तयार झालेले होते, आणि ती आवृत्ति त्या यंत्रावर कधींच बसविलेली नव्हती. ते कागद त्या संगणकावर कोणीं उघडून वाचल्याची खूण नव्हती. पुसून टाकलेल्या नोंदींचे अवशेष तबकडीच्या रिकाम्या जागेंत उरले होते. कोरी पाटी पुसली तरी खडूची रेघ तिरप्या उजेडांत दिसते, त्यांतलाच हा प्रकार. मात्र त्यासाठीं पाटी दुसऱ्याच्या हातीं आणि दुसऱ्या उजेडांत जावी लागते. तपासयंत्रणेनें हे निष्कर्ष मान्य केलेले नाहींत, आणि त्यांची न्यायालयीन पारख खटल्यांतच व्हावयाची. मुंबई उच्च न्यायालयानें विल्सन यांस ८ जानेवारी २०२५ रोजीं जामीन दिला, तोपर्यंत अटकेस सहा वर्षें उलटून गेलीं होतीं आणि खटला उभा राहिला नव्हता.

या नेटवायरची आणखी एक मौज आहे, मौज हा शब्द कडवटच समजावा. २०१२ पासून तें दूरच्या संगणकाची देखभाल करण्याचें उपयुक्त साधन म्हणून संकेतस्थळावर उघड विकलें जात होतें. २०२३ च्या मार्चमध्यें अमेरिकन सरकारनें तें संकेतस्थळ जप्त केलें व क्रोएशिया देशांत एकास अटक झाली. मालकाचा पहारेकरी आणि परक्याचा हेर यांच्या अंगावर एकच गणवेश असतो, तो असा. भेद यंत्राच्या आंत दिसत नाहीं. यंत्र कोणाचें, सांगितलें होतें कीं नाहीं, आणि नेलेलें कोणाच्या हातीं गेलें, यांत तो असतो.

कायद्यानेंहि तोच भेद धरला आहे. यंत्राच्या मालकाच्या अनुमतीवांचून त्यांत शिरणें, त्यांतून माहिती काढणें किंवा त्यांत घातक सॉफ्टवेअर सोडणें हें माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ खालीं नुकसानभरपाईस आणि कलम ६६ खालीं शिक्षेस पात्र आहे. पण कचेरीच्या संगणकाची मालक कंपनीच असल्यामुळें तिच्या स्वतःच्या पहाऱ्यास हें कलम सहसा लागत नाहीं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें. परंतु व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं झालेल्या २०२३ च्या कायद्यानें, नोकरीच्या कामासाठीं व मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं संमतीवांचून माहिती वापरण्याची वाट मालकास कलम ७ मध्यें ठेवली आहे. नोकराच्या दृष्टीनें ही वाट जरा जास्तच रुंद झाली. युरोपांतील मानवी हक्क न्यायालयानें ५ सप्टेंबर २०१७ रोजीं रुमानियांतील बर्बुलेस्कू या अभियंत्याच्या प्रकरणांत अधिक नेमकी रेघ ओढली. कंपनीनें त्याचे संदेश वाचून त्याला काढून टाकलें होतें. पाहणी होणार व ती कोठवर जाणार हें आधीं सांगितलें होतें काय, हें पाहणें राष्ट्रीय न्यायालयांचें कर्तव्य होतें, असें त्या निकालांत म्हटलें आहे. शेठनें कीर्द पाहूं नये असें तेथेंहि कोणीं म्हटलेलें नाहीं.

तेव्हां घरांत करावयाचें काय? कंपनीच्या लॅपटॉपवर घरचें काम करणेंच बंद करावें. बँक, दवाखाना, मुलींचीं स्थळें यांसाठीं घरचा फोन किंवा घरचा जुना संगणक बरा. काम संपतांच लॅपटॉप झोपी न घालतां पुरता बंद करावा आणि दुसऱ्या खोलींत ठेवावा. कॅमेऱ्यावर झांकण लावलें तरी मायक्रोफोनला तें लागत नाहीं, हें ध्यानांत असावें. शंका असल्यास कंपनीच्या संबंधित अधिकाऱ्यास ई-मेलनें सरळ विचारावें कीं, या यंत्रावर कोणती पाहणी होते. उत्तर आलें तर तें जपून ठेवावें, न आलें तर विचारल्याची तारीख जपून ठेवावी.

आणि यंत्र स्वतःचें असून त्यांत परका शिरल्याची खरीच शंका आली, तर हात आवरावा, हें सर्वांत कठीण. बहुतेक जण घाबरून सर्व पुसून विंडोज नव्यानें चढवितात. हेर जातो खरा, पण त्याच्याबरोबर पुरावाहि जातो, आणि उद्यां कोणीं विचारलें तर दाखवावयास कांहीं उरत नाहीं. इंटरनेटची जोडणी तोडावी, काय दिसलें व केव्हां दिसलें तें कागदावर लिहावें, संकेतशब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावे, आणि यंत्र जाणकाराकडे न्यावें. जाणकार प्रथम तबकडीची प्रत काढतो व दोहोंची अंकमुद्रा, म्हणजे 'हॅश', लिहून ठेवतो. तबकडीवरील सर्व अक्षरांवरून गणितानें काढलेली ही एक लांबलचक संख्या असते. एक स्वल्पविराम जरी नंतर बदलला तरी ती सबंध बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालीं जें प्रमाणपत्र जोडावें लागतें, त्यांत ही अंकमुद्रा नमूद करण्याचा रकाना आहे. पोलिसांनीं घरांतील संगणक नेला, तर पंचनाम्यांत ती लिहिली गेली कीं नाहीं हें तेथल्या तेथें पाहावें, आणि तिची नक्कल मागून घ्यावी.